पाच स्टार म्हणजे बिनधास्त? एका मेसेजमधले चार दावे

ग्रुपाग्रुपांत फिरणारा मेसेज थोडक्यात असा: एबीएस, सहा एअरबॅग, पाच स्टार (धडक चाचणीतलं सुरक्षा रेटिंग) आणि एडीएएसवाली (कॅमेरा-रडारवर चालकाला मदत करणारी यंत्रणा) गाडी घ्या आणि समृद्धी महामार्गावर बिनधास्त दाबा, बाकीचं गाडी बघून घेईल. अशी गाडी जरूर घ्या. वाद आहे तो 'बिनधास्त दाबा' याच्याशी.

"एबीएस असलं की गाडी जागच्या जागी थांबते."

एबीएस चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळते. किती अंतरात थांबणार, ते टायर आणि रस्ता ठरवतात. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २८ मीटर. पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला तर तेवढे तिथेच गेले. पुढे कोरड्या डांबरावर साधारण ५० मीटर, ओल्यावर ८० सुद्धा. सुट्या खडीवर तर एबीएसची गाडी जास्तच लांब जाते, कारण जाम चाकापुढे साचणारा खडीचा ढीग इथे साचत नाही.

खरी गडबड पायाची होते. एबीएस चालू झालं की पेडल थरथरतं, कर्रकर्र आवाज येतो, आणि काहीतरी तुटलं असं वाटून लोक नेमका तेव्हाच पाय सैल करतात. दाब तसाच ठेवायचा, पेडल पंप करायचं नाही, नजर आणि स्टिअरिंग मोकळ्या जागेकडे. पहिल्या पावसानंतर रिकाम्या मैदानात ताशी ३० ने एकदा करून बघा, म्हणजे ती थरथर ओळखीची होते.

"सहा एअरबॅग आहेत, मागे बेल्ट कशाला?"

मोजून बघा. दोन समोर, दोन पुढच्या सीटच्या कडेला, दोन खिडक्यांवर पडद्यासारख्या. मागे बसलेल्याच्या समोर एकही नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यातल्या अपघातात मृत्यू झालेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागेच बसले होते, बेल्टशिवाय. पुढची बॅगसुद्धा सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्यात फुगते आणि लगेच रिकामी होऊ लागते. तेवढ्या वेळात माणसाला जागेवर धरून ठेवणारा बेल्टच. बेल्ट न लावल्याची "टिंग टिंग" बंद करायला नकली क्लिप खोचणाऱ्यांना काय म्हणावं? त्या क्लिपा विक्रीतून काढायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं.

"पाच स्टार, म्हणजे वेग कितीही चालेल."

भारत एनकॅपमध्ये, म्हणजे स्टार देणाऱ्या सरकारी धडक चाचणीत, गाडी समोरून आदळतात ती ताशी ६४ किमीने. १२० ला, म्हणजे समृद्धीच्या कमाल मर्यादेला, धडकेची ऊर्जा त्याच्या साडेतीन पट होते. स्टार ६४ चे आहेत.

"एडीएएस स्वतःच ब्रेक मारतं."

मारतं, दिसलं तर. रस्त्यावरचे पट्टे पुसलेले असले की गाडी लेनमध्ये ठेवणारं लेन असिस्ट गप्प. आणि पुढच्या गाडीमागे अंतर राखून चालणारं क्रूझ कंट्रोल वेगात असताना लेनमध्ये उभा असलेला ट्रक ओळखेलच असं नाही, हे बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच छापलेलं असतं. तरी लोक स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून हात सोडतात! कॅमेरा आरशामागे काचेला असतो, त्याच्यासमोर स्टिकर नको. रडार पुढच्या जाळीत किंवा बंपरमध्ये, त्यावर गार्ड नको. काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झालं का, ते बिलावर बघून घ्या.