बास ॲम्पखालचा पॅड आणि खालच्या मजल्याची झोप

बास गिटार वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो: ॲम्पखाली आयसोलेशन पॅड (थरथर अडवणारा फोमचा किंवा रबराचा तुकडा) घाला, खालच्या मजल्यावर आवाज जाणार नाही, घुमणं थांबेल, स्टेजवर बास ‘टाइट’ म्हणजे घट्ट, नेटका होईल, आणि पॅड जितका मऊ नि जाड, तितका उत्तम. यातली स्टेजची गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्या गोष्टींवर पैसे घालण्याआधी थोडा हिशेब करू.

आधी खालचा मजला, कारण पॅड विकले जातात ते मुख्यतः शेजाऱ्यांच्या नावावर. ॲम्पमधून आवाज दोन वाटांनी निघतो. एक, स्पीकरने हलवलेली हवा. दुसरी, कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या, पायांतून जमिनीत उतरणारी थरथर. पॅड फक्त दुसरी वाट अडवतो. आता पहिली किती मोठी आहे ते बघा. 100 डेसिबल म्हणजे दर चौरस मीटरला 2 न्यूटन. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत एकट्या फरशीवरच हा जोर 22 न्यूटनच्या आसपास भरतो, आणि तो सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा मागे-पुढे होत असतो. छतावर साधारण तितकाच, शिवाय भिंती, दार, खिडकीच्या काचा. ॲम्प दोरीने छताला टांगलात तरी हा जोर जिथल्या तिथे राहणार. विश्वास बसत नसेल तर लूपरवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रावर) एक ओळ वाजती ठेवा, कुणाला तरी खालच्या घरात उभं करा आणि व्हॉल्यूमला हात न लावता ॲम्प एकदा फरशीवर, एकदा पॅडवर ठेवा. आरसीसी स्लॅबच्या इमारतीत खालच्या माणसाला फरक सांगता आला तर पॅड जरूर घ्या. जुन्या वाड्यात किंवा चाळीत, जिथे तुळयांवर लाकडी फळ्या आहेत, तिथे मात्र फरक ऐकू येण्याची बरीच शक्यता आहे. तिथे पॅडला माझी हरकत नाही.

याच संदर्भात मोबाइलवरच्या डेसिबल मीटरचा फोटो आवाज मर्यादेत असल्याचा पुरावा म्हणून येतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 आहे, पण ती ‘ए’ भारित डेसिबलमध्ये. हा भार 50 हर्ट्झच्या आवाजातून तब्बल 30 डेसिबल वजा करतो. म्हणजे आकडा साळसूद दिसतो आणि खालच्या घरात भांड्यांची मांडणी थरथरत असते. रात्री दहानंतर हेडफोन, त्याला दुसरा इलाज नाही.

‘पॅडने घुमणं थांबतं.’ कुठलं घुमणं? घरात बहुतेक वेळा फरशी नाही, खोली घुमते. समोरासमोरच्या भिंतींत 10 फूट अंतर असेल तर त्यांच्यामध्ये 56 हर्ट्झचा आवाज फुगतो, आणि ओपन ए, म्हणजे बोट न दाबता वाजवलेली ए तार, आहे 55 हर्ट्झ. 12 फुटांना 47 हर्ट्झ, म्हणजे ई तारेचा दुसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी). तेवढे एक-दोन सूरच अंगावर येतात आणि शेजारचे बरे वाटतात, ते यामुळे. ओळखायचं कसं? तो सूर धरून ठेवा आणि खोलीत फिरा. कोपऱ्यात दणका आणि मधोमध पोकळ वाटलं, तर दोष खोलीचा. ॲम्प कोपऱ्यातून बाहेर काढा, इक्वलायझरवर त्या सुराचा पट्टा खाली ओढा. फुकटात काम होतं.

स्टेजवर पॅडची बाजू थोडी बळकट आहे. लोखंडी फ्रेमवर प्लाय, वर कार्पेट, आत सगळी पोकळी: असलं स्टेज ॲम्पखाली खरोखर वाजतं. माइकच्या स्टँडमधून ती घरघर वर चढते. पॅडने ती कमी होते. पण त्याच स्टेजला टेकून साउंडवाल्याने अठरा इंची सब (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) मांडले असतील, तर प्लाय हलवणारा तुमचा ॲम्प नाहीच. त्यापेक्षा गाण्याच्या माइकवर 100 हर्ट्झखालचं कापायला सांगा. आणि ‘टाइट’ बास प्रेक्षकांना ऐकू येतो असं म्हणणाऱ्यांनी आठवावं की मोठ्या कार्यक्रमात बास डीआयमधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या खोक्यातून) थेट पीएला, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या स्पीकरांना, जातो. तुमच्या पॅडची प्रेक्षकांना गंधवार्ताही नसते. उलट काहींना पॅडवर आवाज पातळ वाटतो. तळपायाला मिळणारा प्लायचा हादरा गेला, एवढंच. ॲम्प तीन इंच उचलल्याने बासच्या खालच्या सुरांच्या 8 मीटर लांबीच्या लाटेला काही फरक पडत नाही.

सगळ्यात चुकीचा भाग शेवटचा: मऊ आणि जाड. पॅड ही स्प्रिंग आहे आणि ती वजनाला जुळावी लागते. ॲम्प ठेवल्यावर पॅड 1 मिलिमीटर दबला तर त्याची स्वतःची डोलण्याची गती 16 हर्ट्झच्या आसपास येते, आणि थरथर अडायला सुरुवात होते ती साधारण 22 हर्ट्झच्या वर. ठीक, बासचे सूर त्याहून वरच असतात. पण कडक रबराच्या चकत्यांवर हलका कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) ठेवलात आणि त्या जेमतेम 0.15 मिलिमीटर दबल्या, तर ही गती येते 41 हर्ट्झवर. बरोब्बर ओपन ई! म्हणजे थरथर अडवायला घेतलेली वस्तू नेमकी तीच वाढवून जमिनीत सोडते. दुसऱ्या टोकाला गादीचा फोम: भारी कॅबिनेटखाली तो पार चपटा होतो, मग स्प्रिंग उरतच नाही, आणि उंच कॅबिनेट डुलायला लागतं ते वेगळंच. हिशेबापेक्षा फोम चालू आवाजात थोडा ताठ वागतो, म्हणून 3-4 मिलिमीटर दबेल असा बघा. मोजायला साधी पट्टी पुरते: पॅडची जाडी आधी, आणि वर ॲम्प ठेवून दहा मिनिटांनी. दुकानात बॉक्सवर किती किलोसाठी हे लिहिलेलं नसेल तर पॅड तिथेच ठेवून या.