‘मोडेन पण वाकणार नाही’ हे बांधकामाला लावू नका

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात मजकूर असा: ‘पूल, स्लॅब किंवा बाल्कनी चालताना हलत असेल तर बांधकामात खोट आहे. पक्कं बांधकाम कधीच वाकत नाही. जास्त ग्रेडचं स्टील आणि जास्त सिमेंट टाकलं असतं तर हललं नसतं. जुनी दगडी कामं बघा, केसभर वाकली नाहीत. स्लॅब पोटात आला की तो पडणारच. बाल्कनी हलत असेल तर आजच टोकाखाली लोखंडी पाइपचा टेकू लावा. पुढे पाठवा, जीव वाचवा.’

मी आरसीसी डिझाइनचं काम करतो आणि निम्मा दिवस साइटवर असतो. पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि शेवटचं तर धोक्याचं आहे. ते वाचून एका इमारतीत काय झालं ते मी पाहिलंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘पक्कं बांधकाम कधीच वाकत नाही.’

भार घेणारी प्रत्येक वस्तू वाकते. स्लॅबवर चिमणी बसली तरी तो वाकतो, फक्त ते दिसत नाही. रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलेला नियम हाच: जितका जोर, तितका ताण. बीमवर भार आला की तो किंचित खाली जातो, वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि या दाबण्या-ताणण्यातूनच भाराला विरोध तयार होतो. म्हणजे बीम वाकतो म्हणूनच भार पेलतो. न वाकता पेलण्याची सोय निसर्गात नाही.

म्हणून बांधकामाच्या कुठल्याही कोडमध्ये, म्हणजे नियमावलीत, ‘वाकू नये’ असं लिहिलेलं नसतं, किती वाकलं तर चालेल ते लिहिलेलं असतं. आपल्या काँक्रीटच्या कोडमध्ये, आयएस ४५६ मध्ये, स्लॅब-बीमच्या एकूण झोळाची, म्हणजे खाली वाकण्याची, मर्यादा गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) २५० व्या हिश्शाइतकी आहे. ५ मीटरच्या गाळ्याला २० मिलिमीटर. भिंती आणि फरशी झाल्यानंतर वाढणाऱ्या झोळाला वेगळी, कडक मर्यादा आहे, कारण नंतरच्या वाकण्याने विटांच्या भिंतीला तडे जातात आणि दारं अडकतात. रस्त्याच्या पुलांना वाहनांच्या भाराखाली साधारण गाळ्याच्या ८०० व्या हिश्शापर्यंत मुभा असते. ३० मीटरच्या गाळ्याला हे साडेसदतीस मिलिमीटर होतात. फ्लायओव्हरवर सिग्नलला थांबलेले असताना शेजारून भरलेली बस गेली आणि गाडी हलकेच वर-खाली झाली, तर पूल आपलं कामच करतोय.

आणि आपल्याला जाणवतं किती, तेही बघा. माणसाचं शरीर कंपनाच्या बाबतीत फार हळवं असतं. सेकंदाला पाचएक वेळा हलणारा स्लॅब मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतका जरी हलला तरी शांत बसलेल्या माणसाला तो कळू शकतो. जाणवणं आणि धोका यांच्यात फार मोठं अंतर आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल मध्यभागी १० फुटांहून जास्त खाली जाऊ शकेल असाच बांधलाय. जोराच्या वाऱ्यात तो बाजूला २७ फुटांहून जास्त सरकला तरी ते हिशोबात धरलेलं आहे. २४ मे १९८७ ला पुलाच्या पन्नाशीला लाखो माणसं एकाच वेळी त्यावर चढली. एरवी कमानीसारखा वर उचललेला रस्ता त्या दिवशी सपाट झाला, आणि लोक उतरल्यावर पुन्हा वर आला. हे ‘पुन्हा वर आला’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘जास्त ग्रेडचं स्टील आणि जास्त सिमेंट टाकलं असतं तर हललं नसतं.’

इथे ताकद आणि ताठपणा यांची गल्लत आहे. किती भाराला मोडेल ही ताकद, दिलेल्या भाराला किती वाकेल हा ताठपणा. स्टीलचा ग्रेड वाढवला की ताकद वाढते, पण ताठपणा जिथल्या तिथे राहतो. साधी गुळगुळीत सळी असो, फे ४१५ असो की फे ५५०, सगळ्यांचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे स्टीलच्या ताठपणाचं माप, साधारण २ लाख मेगापास्कल. उलट ग्रेड वाढवून सळ्या कमी केल्या, आणि तसंच केलं जातं, तर प्रत्येक सळीवर ताण जास्त येतो, ती जास्त लांबते आणि स्लॅब जास्त वाकतो. मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलट. सिमेंटचंही तसंच: एम २० ग्रेडच्या काँक्रीटच्या जागी एम ४० वापरलं तर ताकद दुप्पट होते, ताठपणा मात्र दीडपटसुद्धा होत नाही.

मग ताठपणा येतो कुठून? मुलांच्या कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी घ्या. टेबलाच्या कडेला आडवी धरून टोकाला बोट लावा, लगेच वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून तितकाच जोर द्या. हलत नाही. प्लॅस्टिक तेच, वजन तेवढंच. पट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असेल तर उभी धरल्यावर ती १०० पट ताठ असते. उभ्या जाडीचा हिशोब घनात चालतो, म्हणून बीम उभे असतात. १२५ मिलिमीटरचा स्लॅब १५० चा केला तर ताठपणा पाऊणपटीच्या आसपास वाढतो. त्याचं स्वतःचं वजन पाचव्या हिश्शाने वाढतं, ते धरूनही फायदाच.

गाळ्याचं गणित तर याहून निर्दय आहे. एकसारख्या पसरलेल्या भाराखाली गाळा दुप्पट केला की झोळ सोळापट. हॉल मोकळा दिसावा म्हणून मधला कॉलम काढायला सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा आधी सांगतो. हलणाऱ्या स्लॅबचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं: लांब गाळा, कमी जाडी.

‘जुनी दगडी कामं केसभर वाकली नाहीत.’

दगडही वाकतो. पण दगडाची ताणातली ताकद दाबातल्या ताकदीच्या दहाव्या हिश्शाइतकी किंवा त्याहूनही कमी असते, त्यामुळे डोळ्याला दिसण्याइतका वाकण्याआधीच तो तुटतो. आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या मंडपात उभे राहा आणि दोन खांबांमधलं अंतर बघा. खांब इतके जवळ का? वरच्या दगडी तुळईला त्याहून लांब जाऊ देणं त्यांना परवडणारं नव्हतं. जिथे मोठा गाळा हवा तिथे त्यांनी कमान केली, कारण कमानीत दगड मुख्यतः दाबात राहतो. यात त्यांची फार मोठी समज आहे, आणि ‘दगड वाकत नाही’ असं म्हटलं की आपण ती समजच पुसून टाकतो.

आणि जुने लाकडी वाडे का नाही आठवत कुणाला? कडीपाटाखाली दोरी धरा, जुन्या सागवानी तुळईला मध्यात बोटभर झोळ सहज सापडेल. तिच्याच कड्यांना झोपाळा टांगून पिढ्या झुलल्या.

आणि ताठ म्हणजे सुरक्षित असंही नाही. महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल दगडी कमानींचा होता. असा पूल गाड्यांखाली जाणवण्याइतका हलत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. पुलाची तपासणी ‘हलतो का’ एवढ्यावर सोडली तर पाया, पाणी आणि गंज यांच्याकडे कोण बघणार?

‘स्लॅब पोटात आला की तो पडणारच.’

काँक्रीट भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू आणखी वाकत राहतं. आम्ही याला क्रीप म्हणतो. ७ दिवसांच्या कोवळ्या काँक्रीटवर कायमचा भार आला तर क्रीपचा वाटा सुरुवातीच्या लवचीक ताणाच्या २.२ पट धरायचा, असं आयएस ४५६ सांगतो. २८ दिवसांनी भार आला तर १.६ पट. म्हणून साडेचार मीटरहून मोठ्या स्लॅबचे टेकू १४ दिवस ठेवायला सांगितलेत. पुढच्या मजल्याला फळ्या हव्यात म्हणून सेंटरिंग आठव्या दिवशी काढलं, तर त्या घाईची खूण स्लॅबच्या पोटावर कायमची राहते. यात चूक नक्की आहे, पण स्लॅब उद्या पडणार असं त्यावरून ठरत नाही.

मग ठरवायचं कसं? कोडमध्ये भारचाचणी दिलेली आहे. वापराच्या भाराच्या सव्वापट भार स्लॅबवर २४ तास ठेवायचा आणि मग काढायचा. पुढच्या २४ तासांत झोळाचा निदान ७५ टक्के भाग परत भरून यायला हवा. नाही आला तर ७२ तासांनी पुन्हा चाचणी, आणि तेव्हा ८० टक्के. इथे स्लॅब किती खाली गेला यापेक्षा परत किती आला याला जास्त मोल आहे. गोल्डन गेटने पन्नाशीला नेमकं हेच केलं होतं.

घरी करता येण्याजोगं एक काम सांगतो. स्लॅबच्या पोटाखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणा, मध्यातलं अंतर मोजा, तारखेनिशी भिंतीवर पेन्सिलीने लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा स्थिर असेल तर घाबरू नका. वाढत असेल, गिलाव्यावर गंजाचे तांबूस डाग येत असतील, सळीच्या रेषेत तिच्यावरचं काँक्रीटचं कव्हर फुगून पडत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला लगेच बोलवा, मग तो स्लॅब हलत असो वा नसो.

‘बाल्कनीच्या टोकाखाली पाइपचा टेकू लावा.’

साधा स्लॅब दोन्ही बाजूंना टेकलेला असतो, मध्ये पोट धरतो, म्हणून त्याच्या मुख्य सळ्या खाली असतात. बाल्कनी एका बाजूनेच धरलेली असते, टोक लोंबतं, ताण वर येतो, म्हणून तिच्या मुख्य सळ्या वर असतात. टोकाखाली टेकू मारला की बाल्कनी दोन बाजूंना टेकलेला स्लॅब होते आणि मध्ये पोट धरायला लागते. ताण खाली जातो, जिथे नावापुरत्या सळ्या असतात. आणि टेकूचा पाय कुठे टेकतो? खालच्या बाल्कनीच्या टोकावर, म्हणजे तिच्या सगळ्यांत नाजूक जागी. टेकूने वरच्या बाल्कनीचा तीन-अष्टमांश भार घेतला, तरी खालच्या तशाच बाल्कनीच्या मुळाशी मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, पावणेदोन पट होते.

एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी नेमकं हे केलं. बाल्कनी चालताना हलायची, मेसेज आला, फॅब्रिकेटरकडून त्यांनी दोन पाइप आणले आणि खालच्या शेजाऱ्यांना विचारून त्यांच्या कठड्यालगत जॅक फिरवून घट्ट बसवले. “आता हलत नाही हो,” असं ते सगळ्यांना सांगत. तीन आठवड्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना बाल्कनीच्या उंबऱ्याला समांतर, फरशीत एक सरळ रेघ दिसली. त्यांना वाटलं, सांध्यातलं सिमेंट निघालं. पोछा मारताना पाणी आत मुरायला लागलं तेव्हा मला बोलावणं आलं.

फरशी उचलली तर रेघ खाली स्लॅबमध्ये उतरलेली होती. तिच्यात नाणं उभं शिरत होतं. मुळाशी थोडं काँक्रीट फोडून सळी शोधली. १२५ मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये ती वरून पंचवीसेक मिलिमीटरवर हवी होती. सापडली साठवर. काँक्रीट भरताना माणसं सळ्यांवरून चालली, खाली जाळी उचलून धरणाऱ्या सळीच्या खुर्च्या नव्हत्या, जाळी दबली. ही चूक जिथे-तिथे होते आणि वरून कधीच दिसत नाही. इतकी वर्षं ती बाल्कनी आपला भार कसाबसा धरून होती. वरून आलेल्या पाइपने तिचा तोल गेला.

पाइप तसे उचकटायचे नव्हते. आधी दुसऱ्या मजल्यापासून जमिनीपर्यंत एकाखाली एक टेकू लावले, मग वरचे जॅक चतकोर-चतकोर फेऱ्यांनी सोडले. काका तेवढा वेळ खोलीच्या दारात उभे होते, बाल्कनीत पाऊल टाकायला तयार नव्हते. दुसऱ्या मजल्यावरची बाल्कनी तोडून, नव्या सळ्या केमिकल अँकरने (भोकात रसायनाने चिकटवून) बसवून पुन्हा भरावी लागली.

त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीची चाचणी घेतली. वाळूच्या पन्नास-पन्नास किलोच्या ३५ गोण्या रचल्या आणि टोकाखाली डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक, लावलं. चोवीस तासांत टोक २.८ मिलिमीटर खाली गेलं. गोण्या उतरवल्यावर दुसऱ्या दिवशी त्यातलं २.४ परत आलं होतं. काकांनी काटा स्वतः वाचला आणि वहीत लिहून घेतला. ती बाल्कनी आजही चालताना हलते.