"या, बसा" म्हणणारा खलनायक

परवा एका मित्राने विचारलं, गेममधलं तुझं सगळ्यात आवडतं शस्त्र कुठलं? मी म्हटलं, ग्रॅव्हिटी गन. तो म्हणाला, "ते काय शस्त्र आहे का? त्यात गोळीच नसते." तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. पोस्ट लांब होणार आहे. ज्यांना गेमिंगमध्ये रस नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं, राग नाही.

आमच्या पिढीची शस्त्रांशी ओळख सायबर कॅफेत झाली. माझी सांगलीत, तासाला वीस रुपये, एका पीसीवर एक खेळणारा आणि खुर्चीमागे चार सल्लागार. गेम अर्थातच आयजीआय, एकट्याने शत्रूच्या तळात लपतछपत शिरायचा. 2000 सालचा. 14 मिशन, आणि मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नाही. म्हणजे वीस मिनिटं भिंतीच्या आडोशाने वाकत वाकत जायचं, शेवटच्या दारापाशी कॅमेऱ्यात दिसायचं, सायरन वाजायचा, की पुन्हा पहिल्यापासून. मागून कोणीतरी ओरडणार, "ड्रॅगुनोव्ह घे की रं, हातात काय खेळणं धरलंयस!" ज्यांना भूगोलाच्या पेपरात चार राजधान्या आठवत नव्हत्या, त्यांना एमपी-5 आणि उझी यांतला फरक झोपेत विचारला तरी सांगता यायचा.

आता मला सांगा, आयजीआयमधला खलनायक कोण? नाही ना आठवत? बाई होती ती. नाव एक्क. मला हे कधी कळलं, तर नोकरीला लागल्यावर कधीतरी, उगाच शोधताना. वर्षभर आम्ही कोणाशी लढत होतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. बंदुका मात्र सगळ्या तोंडपाठ.

शस्त्राबद्दल माझं मत असं आहे की त्याने किती डॅमेज होतं हा प्रश्नच दुय्यम. 1994 च्या डूम 2 या भुतं मारायच्या गेममधली सुपर शॉटगन घ्या. एका बारला दोन काडतुसं. धाड! मग ती मधून उघडणार, दोन नवी काडतुसं आत जाणार, खट्कन बंद होणार. तेवढ्या वेळात समोरचं भूत दोन पावलं पुढे आलेलं असतं आणि तुमचं बोट नुसतं वळवळत असतं. मजा त्या मधल्या क्षणात आहे. त्यापुढे त्याच गेममधली महाबंदूक बीएफजी 9000 म्हणजे लग्नातली आतषबाजी. एका बारला 40 सेल (तिचा दारूगोळा) खाते, खोली रिकामी होते, आणि मग तुम्ही रिकाम्या खोलीत उभे.

ग्रॅव्हिटी गन 2004 च्या हाफ-लाइफ 2 मधली. एका बटणाने वस्तू ओढून घेते, दुसऱ्याने भिरकावते. बस्स. रेव्हनहोम नावाच्या ओसाड गावात गोळ्या पुरत नाहीत, आणि तुम्ही आजूबाजूला बघायला लागता. रंगाचा डबा, गॅसची टाकी, लाकूड कापायच्या गोल करवतीचं पातं. ते पातं उचलायचं, झाँबी दारात येईपर्यंत थांबायचं आणि सोडायचं. भिंतीत रुतलं की परत काढून घ्यायचं. पडवीतलं सामान बघावं तसं तुम्ही अख्ख्या गावाकडे बघू लागता. बंदूक फक्त समोरच्याकडे बघायला लावते, ही आजूबाजूला बघायला लावते.

एक गोष्ट मला तिसऱ्यांदा खेळताना लक्षात आली. गेमच्या सुरुवातीला स्टेशनवर एक शिपाई तुम्हाला अडवतो, मुद्दाम एक रिकामा कॅन खाली पाडतो आणि म्हणतो, उचल. उचलून कचऱ्यात टाक. तेव्हा हातात काहीच नसतं, गपगुमान उचलावा लागतो. (कोणी तो त्याच्याच तोंडावर फेकतात. मीही फेकलाय. मार पडतो.) पुढे काही तासांनी तुमच्या हातात येतं ते शस्त्र कुठलं, तर वस्तू उचलण्याचं. शेवटी सिटाडेलमध्ये, म्हणजे शत्रूच्या उंच बुरुजात, बाकी सगळी हत्यारं काढून घेतली जातात आणि हे एकच उरतं, तेही निळं झालेलं, आता माणसंही उचलणारं. हे योगायोगाने झालेलं असेल असं मला वाटत नाही.

याच गेममध्ये ब्रीन हा खलनायक आहे. तुम्ही स्टेशनवर उतरता तेव्हा मोठ्या पडद्यावरून तो म्हणतो, वेलकम. पाहुण्यांचं स्वागत करावं तसं. गडगडाटी हसणं नाही, शिंगं नाहीत, सूट घातलेला गृहस्थ. पृथ्वी परग्रहवाल्यांच्या ताब्यात देऊन आता तिचा कारभार बघतोय, आणि त्याला मनापासून वाटतं की आपण लोकांचं भलंच केलं. शेवटी शेवटी तो नायकाला, गॉर्डन फ्रीमनला, विचारतो, तू एवढं सगळं उद्ध्वस्त केलंस, पण निर्माण काय केलंस? एक तरी गोष्ट सांग. गॉर्डन अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही, त्यामुळे ब्रीन स्वतःच म्हणतो, वाटलंच होतं. मी रात्री दोन वाजता हेडफोन लावून बसलो होतो. मलाही उत्तर देता आलं नाही.

ही खंत मनात होती, म्हणून असेल, पण मी पुढे टेबलावरच्या खेळाकडे ओढला गेलो. डंजन्स अँड ड्रॅगन्स, 1974, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. एकजण गोष्ट आणि खलनायक चालवतो (आमच्यात तो मी), बाकीचे एकेक पात्र चालवतात, आणि वार किती लागला ते फासे ठरवतात. या खेळाचं मूळ खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईत. ज्याने लहानपणी दिवाळीचा किल्ला केलाय, हळीव पेरलेत, तोफेशेजारचा मावळा "हा माझा" म्हणून राखलाय आणि भावाने तो पाडला म्हणून मारामारी केलीय, त्याला हा खेळ समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. मी आठजणांना समजावलाय, अनुभवाने सांगतो.

गंमत म्हणजे त्या पहिल्या नियमांत सगळ्या शस्त्रांचं नुकसान सारखंच होतं. खंजीर असो की दोन्ही हातांनी पेलायची तलवार, सहा बाजूंचा एक फासा टाका. वेगवेगळे फासे 1975 च्या ग्रेहॉक पुरवणीत आले. आता पाचव्या आवृत्तीत खंजिराला डी-फोर (म्हणजे चार बाजूंचा फासा), लाँगस्वर्डला डी-एट, मोठ्या परशूला डी-ट्वेल्व्ह. आणि हाताला लागेल ती वस्तू हाणली तर डी-फोर. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त वापरला गेलेला फासा तोच आहे. लोक तलवारी विकत घेतात आणि मग शत्रूच्या डोक्यात पितळी घागर घालतात.

खलनायकाचं मात्र मला नीट जमत नव्हतं. याच खेळासाठी लिहिलेल्या 1983 च्या रेव्हनलॉफ्ट या साहसकथेची गोष्ट वाचली होती. ट्रेसी हिकमन यांना खेळताना एका तळघरात उगाचच एक व्हॅम्पायर भेटला, आणि हा इथे करतोय काय, असा प्रश्न त्यांना पडला. त्यातून त्यांनी आणि लॉरा हिकमन यांनी स्ट्राड नावाचा व्हॅम्पायर उभा केला, आपल्या वाड्यात राहणारा, स्वतःचं दुःख असलेला. 2016 च्या आवृत्तीत तर तो खेळाडूंना चिठ्ठी पाठवून जेवायला बोलावतो. वाचून भारावून गेलो, आणि पहिल्याच सेशनला (खेळाच्या बैठकीला) माझ्या खलनायकाला घोगरा आवाज देऊन "हा हा हा" केलं. सगळे फिस्सकन हसले. एकीला ठसका लागला.

आम्ही मराठीत खेळतो. सुरुवातीला लाजत, आता सर्रास. माझा खलनायक म्हणजे एका खोऱ्याच्या पाण्यावर ताबा असलेला कारभारी. पुढच्या सेशनला मी आवाज खाली आणला. चौघं लढाईच्या तयारीने दार तोडून आत आले, आणि तो म्हणाला, "या, बसा. उन्हाचे आलात. आधी गूळ-पाणी घ्या." कोणी हसलं नाही. तो सगळ्यांशी अहो-जाहो करत होता. मध्येच आमच्या चोराने त्याचं वाक्य तोडलं. कारभारी थांबला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू बस." तीन तास तलवारी काढून जे झालं नव्हतं ते तिथे झालं. चोराचं कॅरेक्टर चालवणारा माझा मित्र खुर्चीत खरोखरच मागे सरकला. इंग्रजीत खेळलो असतो तर हे हत्यार मला मिळालंच नसतं, तिथे राजालाही यू आणि चोरालाही यू.

पुण्यात बनलेला राजी हा व्हिडिओ गेम 2020 मध्ये आला तेव्हा मला हेच जाणवलं होतं. त्रिशूळ फिरवायला झकास, दुर्गा आणि विष्णू वरून बोलत राहतात ते गोड, पण त्यातल्या खलनायकाने, महाबलासुराने, थोडं जास्त बोलायला हवं होतं. अर्थात माझं मत. राजी खेळा, चांगला आहे.

तर मागच्या शनिवारी कारभाऱ्याशी शेवटची गाठ होती. मी ब्रीनचा प्रश्न चक्क चोरला. धरणाच्या भिंतीवर उभा राहून तो म्हणाला, "इतकं मोडलंत. तीन गढ्या जाळल्यात, माझे दोन कालवे फोडलेत. उभं काय केलंत? एक तरी सांगा." मी मनात म्हटलं, आता सापडले.

पुजारिणीचं कॅरेक्टर चालवणारी मैत्रीण एरवी फारसं बोलत नाही. तिने वही मागे उलटली, दोन पानं, अजून एक. म्हणाली, "चौथं सेशन. वेशीबाहेरची विहीर. आम्ही गाळ काढून दिला होता. दोर आम्ही घेतला, 50 फूट, एक सोन्याचं नाणं. अजून पाणी आहे तिला, परवा तूच सांगितलंस."

मला ती विहीर आठवतच नव्हती. पिझ्झा यायला उशीर झाला म्हणून त्या दिवशी वेळ काढायला मी ती घातली होती. कारभाऱ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, पाच मिनिटं ब्रेक, चहा टाकतो.

आलं किसत होतो तेव्हा बाहेरून चोराचा आवाज आला, "ए, तो दोर अजून आहे ना आपल्याकडे?"