गळकी झारी

काल सोसायटीच्या बागेत तळमजल्यावरच्या काकांनी माझी झारी गळकी ठरवली. कागदावरची झारी.

सरावाला झारी घेऊच नये. कुंडीसुद्धा दिसते तेवढी गरीब नसते. वरून बघताना तिचा काठ चपटा लंबगोल दिसतो आणि बूड त्याहून जास्त गोल, कारण ते नजरेच्या पातळीपासून आणखी खाली असतं. बुडाला सरळ रेघ मारली की कुंडी करवतीने कापल्यासारखी होते. लंबगोलाची टोकं टोकदार निघाली तर करंजी. झारीत हे सगळं असतंच, वर तोटी आणि मूठ. मूठ काढायचीच नसते. मूठ आणि पोट यांच्यामधली रिकामी जागा काढायची, मूठ आपोआप उरते.

तर हात ताठ, एक डोळा मिटलेला, 2बी पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घेणं चाललं होतं. कोपर जरा वाकलं की माप चुकतं.

"कोणाला डोळा मारताय?"

"माप घेतोय, काका."

"पट्टी नाही का घरात?"

"इथून झारी किती दिसते, ते मोजतोय."

"चार पावलांवर तर आहे. जाऊन मोजा की!"

मग ते मागे उभे राहिले. मानेवर श्वास येईल इतके मागे.

"यात पाणी राहायचं नाही. तोटीचं तोंड काठाच्या खाली आलंय. पाऊण भरली की वाहणार. तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलीत मी."

बरोबर होतं, हीच तर चीड. आधी पोट ऐसपैस काढलं, मग कागद संपत आला म्हणून तोटी दाबून बसवली. खरं तर वर-खाली आणि दोन्ही बाजूंची टोकं चार ठिपक्यांनी आधी बांधून घ्यायची असतात. हे मला माहीत आहे. काकांना माहीत नाही, तरी चूक त्यांनाच दिसली.

बाकावर दोन तास मोबाईल चोळणाऱ्याला कोणी विचारत नाही, "याचे पैसे मिळतात का?" चित्र काढणाऱ्याला मात्र येणारा-जाणारा प्रत्येक जण परीक्षक!

तोटी खोडेपर्यंत सावली वीतभर सरकली होती. तिची कड सुरुवातीलाच आखायला हवी होती, तेही राहिलं. तेवढ्यात माळीदादा आले आणि झारी उचलून तुळशीकडे चालू लागले.

"बघा," काका म्हणाले, "काठोकाठ भरलीय. एक थेंब सांडत नाही."