बाजाराच्या दिवसाचा शो

सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं तालुक्याचं गाव. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गाला लागून यंदा तिथे तीन पडद्यांचं मल्टिप्लेक्स सुरू झालं, आणि दोन-तीन महिन्यांत बाजारपेठेतल्या जुन्या टॉकीजच्या मालकाने जागा विकायची बोलणी काढली. मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो. ती बोलणी निघाल्यापासून दर रविवारी गावाकडच्या फोनवर हाच विषय असतो. चुलतभाऊ म्हणतो, मल्टिप्लेक्सने टॉकीज खाल्लं. भाचा म्हणतो, ढेकणांच्या खुर्च्या गेल्या तर रडता कशाला? मामा नव्या थेटरात एकदा जाऊन आले. त्यांचं म्हणणं एका ओळीचं: "तठे बसाले खुर्ची शे, बोलाले कोनीच नही."

मला यातला एकही पक्ष पुरता पटत नाही. पण टॉकीज गेल्याने नेमका कुणाचा शो बंद होणार, हे गावात कुणीच विचारत नाही, आणि माझा जीव तिथेच अडकलाय.

आमचा बाजार मंगळवारचा. डोंगरातले पावरा आणि भिल्ल लोक सकाळी जीपगाड्यांतून उतरत. डिंक, चारोळी, मोह विकून मीठ-तेल-कपडा घेत, आणि दुपारी बाराच्या शोला टॉकीजच्या दारात उभे राहत. ओझी डोअरकीपरच्या खोलीत ठेवायची, पोरं मांडीवर घ्यायची आणि खाली पुढच्या रांगांत बसायचं. मागे बाल्कनीत कापसाचे व्यापारी आणि सराफ. मध्यंतरात सगळे एकाच गाडीवर भत्ता खायला येत. मुरमुऱ्यांवर तिखट शेव, वर कांदा आणि लिंबू. आमच्या गावात सराफ आणि डोंगरातला मजूर एका छपराखाली अडीच तास बसतो, अशी दुसरी जागा नव्हती. देवळातही नव्हती.

सिनेमाच्या रिळांची पेटी भुसावळहून यायची. सीपी-बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड) या सिनेवितरणाच्या विभागातल्या वितरकांच्या कचेऱ्या तिथे होत्या, आणि तिथून निघालेली पेटी एसटीच्या टपावरून आमच्याकडे पोचे. बस उशिरा आली तर शो उशिरा सुरू होई. ऑपरेटर दोन प्रोजेक्टरांवर आळीपाळीने रीळ चढवायचा, कार्बनच्या कांड्या जळत राहायच्या. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा 44-45 वर असताना त्या खोलीत तो बनियनवर उभा असे. त्याच्या हातच्या रिळाचा सांधा पडद्यावर कधी दिसला नाही.

आता माझ्या बहिणीचं म्हणणं मांडतो, कारण ते ऐकल्यापासून मला नुसतं गहिवरून लिहिता येत नाही. शाळा-कॉलेजच्या सगळ्या वर्षांत ती त्या टॉकीजमध्ये दोनदा गेली, दोन्ही वेळा वडिलांबरोबर, बाल्कनीत. अंधारात मागून पाय लागायचे, आणि मध्यंतरात बायकांसाठीच्या मोरीला दार नव्हतं. तिची मुलगी आज मैत्रिणींबरोबर सहाच्या शोला जाते आणि नऊ वाजता घरी येते. "तुझ्या टॉकीजमध्ये गाव एकत्र बसत होतं म्हणतोस. त्या गावात मी होते का?" असं तिने मला विचारलं. नव्या मल्टिप्लेक्सने आमच्या गावातल्या बायकांना सिनेमा परत दिला, हे खरं आहे, आणि ज्याला टॉकीज वाचवायचं आहे त्याने ते आधी कबूल करायला हवं.

पण टॉकीज मारलं मल्टिप्लेक्सने, हा चुलतभावाचा आरोप मला इथे राहून मान्य होत नाही. ब्रिटनमध्ये 1946 साली वर्षभरात 163 कोटी तिकिटं खपली होती. 1984 पर्यंत ती 5.4 कोटींवर आली. एवढा ऱ्हास झाला तेव्हा देशात एकही मल्टिप्लेक्स नव्हतं. आधी घरोघर टीव्ही आला, मग व्हिडिओ. पहिलं मल्टिप्लेक्स 1985 साली उघडलं ते माझ्याच गावात, मिल्टन कीन्समध्ये. दहा पडदे आणि वर रात्री लाल उजळणारा पिरॅमिडचा सांगाडा. त्यानंतर लोक पुन्हा थेटरात येऊ लागले, आणि 2019 ला तिकिटं साडेसतरा कोटींवर गेली. आमच्याकडेही आधी व्हिडिओ पार्लर आलं, मग केबल, मग मोबाईल. त्या 30 वर्षांत टॉकीजच्या मालकाने एक खुर्ची बदलली नाही. महामार्गावरचं मल्टिप्लेक्स यायच्या आधीच मंगळवार सोडून उरलेले दिवस तिथे रिकामे जात होते.

मिल्टन कीन्सच्या त्या मल्टिप्लेक्समध्ये मी इथे नवा असताना खूप सिनेमे पाहिले. 2015 साली ते बंद झालं. नवीन म्हणून ज्याला लोक लांबून पाहायला यायचे, ते 30 वर्षांत जुनं होऊन गेलं. भाच्याला मी हे सांगतो. आज महामार्गावर जे चकाकतंय तेही कुणाच्या तरी हिशोबाच्या वहीतली एक ओळ आहे. धंदा बसला की कंपनी पडदे उतरवून निघून जाईल, आणि तोवर बाजारातली जागाही दुकानांच्या गाळ्यांखाली गेली असेल.

इथून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर बर्कमस्टेड नावाचं गाव आहे. तिथलं रेक्स थेटर 1938 चं. 1988 ला बंद पडलं आणि 16 वर्षं ओस पडून होतं. पण इमारत संरक्षित यादीत गेली असल्याने कुणाला ती पाडता आली नाही, आणि 2004 साली ती पुन्हा उघडली. पडदा एकच आहे. लंडनच्या ईस्ट फिंचलीत 1912 चं फिनिक्स आहे. 1985 साली ते पाडायची वेळ आली तेव्हा लोकांनी न्यास करून ते घेतलं. शिवाय 2011 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये गावकऱ्यांना एक हक्क मिळालाय. एखादी इमारत गावाच्या उपयोगाची म्हणून यादीत घालून घेता येते. मग मालक ती विकायला काढतो तेव्हा गावाला पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. मालकाने गावालाच विकावं अशी सक्ती नाही. फक्त थांबायचं असतं.

आपल्याकडे हे थांबणं कुठेच नाही. 2001 च्या सुमारास राज्याने मल्टिप्लेक्सना करमणूक करात पहिली काही वर्षं सूट दिली. जुन्या टॉकीजवाल्यांना त्या काळात पूर्ण कर भरावा लागला, त्यांचा तो राग मला रास्त वाटतो. सिनेमागृहाच्या जागेवर दुसरं काही बांधायचं तर आत लहानसं का होईना थेटर ठेवा, ही अट राज्यात जुनी आहे. पण ती मालकावर लादलेली असते. गाव त्यात कुठेच नसतं, त्यामुळे मालक वर्षानुवर्षं कुलूप लावून बसतो आणि इमारत आपोआप पडायची वाट पाहतो. खान्देशात अशी कुलपं तालुक्यागणिक दिसतात. भुसावळचं अमरदीप, जळगावचं नटवर ही नावं लोकांच्या पत्त्यात खुणेसारखी येतात. आमच्या टॉकीजचं नाव तसं नुसतं पत्त्यात राहावं, हे मला सोसवत नाही.

आता दराचं. टॉकीजला खाली 60 रुपये, बाल्कनी 80. महामार्गावर 180, सुटीला 220, आणि पॉपकॉर्न वेगळं. कापूस वेचणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी एका तिकिटात आणि जीपच्या भाड्यात संपते. पाच माणसांचं घर ती कसं नेणार? सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, त्यावरच्या तिकिटाला 18 टक्केच आहे. म्हणजे स्वस्त तिकीट विकणाऱ्याला सरकारने थोडी वाट करून दिली आहे, आणि नेमक्या याच वेळी आमचा मालक विकायला निघालाय. मालेगाव इथे डोळ्यासमोर ठेवावं. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात आणि त्या सुटीवर तिथली थेटरं भरतात. आमचा मंगळवार त्याच जातीचा आहे. मजुराची सुटी जिथे आहे तिथे एक पडदा पोसला जाऊ शकतो.

मी चुलतभावाला हिशोब करून पाठवला आहे. हजार खुर्च्यांची गरज नाही. तीनशे पुरे, बाकी जागा मालकाने खुशाल गाळ्यांना द्यावी, त्याचंही घर चालायला हवं. दर शंभराच्या आत, मंगळवारचा बाराचा शो कायम. पैसे गावाने हिश्शांनी उभे करावेत. जिनिंग-प्रेसिंगच्या सोसायट्या चालवलेला हा मुलूख आहे. पतसंस्थांनी लोकांचं तोंड पोळलंय हेही मला ठाऊक आहे, म्हणून पैसा कुणा एकाच्या हाती न देता न्यासाच्या नावे, दर महिन्याला फळ्यावर हिशोब लिहून ठेवावा. पाच हिस्से मी घेतो असं कळवलं आहे. लांब राहून सल्ला देणाऱ्याने निदान पैसे तरी टाकावेत, असं मला वाटतं.

मालक आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, थांबायला तयार झालाय. चुलतभावाने पन्नासेक घरांशी बोलणं केलं. बहिणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, तीन हिस्से घेईन, पण पडदा आणि आवाज मागाहून. आधी बायकांच्या मोरीला दार लागू दे, दिवा लागू दे, आणि डोअरकीपर म्हणून एक बाई ठेवा.

मी ते हिशोबात पहिल्या ओळीवर घेतलं आहे.