ग्रिड हवं, पण दुसऱ्याच्या गल्लीत

आधी माझीच चूक कबूल करतो. आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर सबस्टेशन, म्हणजे आपल्या इंदुरी भाषेत ग्रिड, येणार होतं, तेव्हा विरोधाच्या अर्जावर तिसरी सही माझी होती. कारण लिहिलं, "तिथे मुलं खेळतात." मुलं कुठली, आमच्या गाड्या उभ्या असायच्या! ग्रिड गेलं लांब. आता मे महिन्यात रात्री अकराला व्होल्टेज पडतं, एसी नुसता घुरघुरतो आणि मला ती सही आठवते.

परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "मेट्रो घराजवळ हवी रे, पण ते करंटचं डबडं तेवढं इथे नको."

काकू, घरच्या विजेचं डबडं चार गल्ल्या पलीकडे ढकलता येतं. मेट्रोचं नाही ढकलता येत.

३१ मे २०२५ ला आपली इंदूरची मेट्रो सुरू झाली, गांधीनगरपासून सुपर कॉरिडॉरवर सहा किलोमीटर, पाच स्टेशनं. सेल्फी सगळ्यांनी काढले, पण गाडीच्या डोक्यावर तार नाही हे किती जणांच्या लक्षात आलं? वीज येते रुळाच्या बाजूने जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून, ७५० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. पुण्याच्या पहिल्या दोन मेट्रो लाइनना वर तार आहे, २५,००० व्होल्ट एसी, म्हणजे घरात येते तशी सतत दिशा बदलणारी वीज. तेवढाच जोर ७५० व्होल्टवर द्यायचा तर करंट तेहतीसपट लागतो, आणि वाटेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे लांबून वीज पाठवायची सोयच नाही. २५,००० व्होल्टच्या मेन लाइनवर साधारण चाळीस-पन्नास किलोमीटरला एक सबस्टेशन पुरतं, इथे मात्र दर दीड-दोन किलोमीटरला हवं. एसी आत घ्यायची, व्होल्टेज उतरवायचं, डीसी करून तिसऱ्या रुळाला द्यायची, एवढं सगळं त्या एका खोलीत.

असली खोली मी लहानपणीच पाहिली. काका मुंबईला रेल्वेत, ठाकुर्लीला क्वार्टर. तेव्हा लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावायची. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी-कुर्ला पहिली विजेची गाडी सुटली ती याच व्होल्टेजवर. शेवटचा हार्बर लाइनचा तुकडा २०१६ साली एसीवर गेला. ठाकुर्लीला तर रेल्वेचं स्वतःचं चोळा पॉवरहाऊसच होतं. एका सुट्टीत काकांनी मला सबस्टेशनात नेलं. बाहेर गिट्टी, आत सतत घूं घूं, टेबलावर हात ठेवला तर तळव्याला मुंग्या. काका म्हणाले, "सुईकडे बघ." गाडी दिसत नव्हती, पण सुई एकदम उसळली. "सुटली," काका म्हणाले. थोड्या वेळाने सुई खाली बसली, आणि मग कुठूनतरी लांबून हॉर्न ऐकू आला. तेवढ्यात बाजूचा ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, सुतळी बॉम्बसारखा वाजला. मी टेबलाखाली! काकांनी चहा खाली ठेवलासुद्धा नाही.

तिसऱ्या रुळाच्या मी बाजूचाच आहे. पुलावर खांब-तारांचं जंगल नाही, बोगदाही जरा लहान खणला तरी चालतो. एक दुखणं आहे खरं: ब्रेक लावताना गाडी जी वीज परत देते, ती साध्या डीसी सबस्टेशनातून उलटी वीज कंपनीच्या तारांकडे जात नाही. जवळपास वीज ओढणारी दुसरी गाडी असली तर ठीक, नाहीतर गरम हवा. परत पाठवायचं यंत्र मिळतं, पैसे मोजावे लागतात. मी म्हणेन, मोजावेत.

पण खरं भांडण पुढे आहे. राजवाडा, बडा गणपतीकडे लाइन जमिनीखालून जायची आहे. तिथे ही खोली एकतर स्टेशनच्या पोटात बसवायची, नाहीतर वर जागा शोधायची, आणि तिथली वीतभर जागासुद्धा कुणाच्या तरी ओट्याची. स्टेशनच्या नावावरून आपण वर्षभर भांडू, खोली कुठे येणार हे विचारणार नाही, आणि खणायला लागले की अर्ज घेऊन पळू. नकाशा आत्ताच मागा.

आमच्या कॉलनीत कुणी जागा विचारायला आलं तर गाड्या मी स्वतः हलवतो. काकूंच्या अ‍ॅक्टिवासकट.