नानांनी थांबवलेला चेंडू

चेंडू सरळ वर फेकला, तर सर्वांत वरच्या टोकाला त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? शून्य. परवाच्या भरीत पार्टीत हे बहुमताने ठरलं. विरोधी मत एकच होतं, माझं. मी ते वांगी सोलता सोलता दिलं, म्हणून बहुधा धरलं गेलं नाही.

दाजींचं शेत खानदेशात, बामणोदकडे. भाची बारावीला, त्यामुळे शेतातही वही घेऊन आलेली. गणित साधं होतं. चेंडू सेकंदाला ९.८ मीटर वेगाने वर सोडला. टी सेकंदांनंतर उंची ९.८ टी वजा ४.९ टी वर्ग. म्हटलं, एकदा डेरिव्हेटिव्ह घे, म्हणजे बदलाचा दर काढ, वेग मिळेल: ९.८ वजा ९.८ टी. तो शून्य होतो बरोबर एका सेकंदाला, तेव्हा चेंडू ४.९ मीटरवर. आता पुन्हा डेरिव्हेटिव्ह घे. उणे ९.८. त्यात टी उरलाच नाही. म्हणजे चेंडू वर जावो, टोकाला असो की खाली येवो, त्वरण तेच. भाचीने पेन्सिलने लिहून घेतलं. विषय इथेच मिटायला हवा होता.

पण बडगीपाशी नाना बसले होते.

नाना म्हणजे दाजींचे चुलत काका, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाना त्याच्या कितीतरी आधी घरी बसले, पण मॅनेजर ते पूर्वलक्षी प्रभावाने झालेत. भाजलेली वांगी, मिरच्या, लसूण बडगीत पडलेलं, हातात मुसळ. ते मुसळ माझ्याकडे रोखून म्हणाले,

"टोकाले चेंडू थांबते का नाही?"

"क्षणभर थांबतो, नाना."

"मंग थांबेल गाडीले त्वरण कुठून येईन भो?"

"वेग शून्य आहे, पण तो बदलतोय ना. त्वरणही शून्य झालं तर चेंडू वरच लटकून राहील."

"लटकीन कशाले? पडते ना तो!"

"तेच तर सांगतोय, की..."

"पडते तव्हा त्वरण. थांबेल हाये तव्हा शून्य. दोन्ही एकाच टायमाले कसं चालीन?"

मग मी त्यांच्याच रुळावर उतरायचं ठरवलं. "नाना, कसाऱ्याचा घाट घ्या. सदतीस मीटरला एक मीटर असा चढ. गाडी तिथे उभी आहे, वेग शून्य. आता ब्रेक सोडले, तर त्या क्षणी काय होईल?"

नानांनी मुसळ खाली ठेवलं. मला वाटलं, जिंकलो.

"सोडणारा सस्पेंड होईन."

दाजी खो खो हसले. दाजी हसले म्हणून ताईही हसली. "आन् घाटाचं मले विचारू नको," नाना म्हणाले, "माझी ड्युटी इगतपुरीले संपे."

तेवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले. टोपलीतलं एक कच्चं, हिरवट पांढरं, चांगलं अर्ध्या किलोचं वांगं उचलून ते उभे राहिले, घसा खाकरला आणि वांगं सरळ वर फेकलं. सगळ्यांच्या माना वर. वांगं खाली आपटून फुटलं, बिया माझ्या पँटवर उडाल्या, आणि मग नाना ओरडले, "थांबलं! पाह्यलं का? थांबलं!"

सगळ्यांनी पाह्यलं होतं म्हणे. भाचीने माझं पेन्सिलचं उत्तर खोडून पेनने शून्य लिहिलं. पेनने!

ह्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणला, १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची ती नोंद. आणि आजोबांनी ग्रहांच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे एकेका क्षणाच्या गतीचा, विचार बाराव्या शतकातच करून ठेवला होता. आठशे वर्षांपूर्वी इथे त्याचा क्लास चालत होता, आणि आज मला एका वांग्यापुढे हार खावी लागते.

बरं, भाचीचाही क्लास आहेच. त्याच्या फीमध्ये माझ्या दुकानातलं हंगामाचं खत येईल. तिथे काय शिकवतात? वेग शून्य टाका, टी काढा, पुढचं गणित घ्या. शून्य का टाकायचा, कोणी विचारत नाही; विचारलं तर पोर्शन मागे पडतो. खरं सांगायचं तर नानांपेक्षा मला ह्याचा जास्त संताप येतो. नाना निदान भांडतात तरी. आणि माझी फिजिक्समधली बी.एस्सी.? युरियाच्या गोण्यांमागे फ्रेम करून लावलीय. गिऱ्हाईक विचारतं, "हे लायसन का?"

केळीच्या पानावर भरीत आलं, कळण्याच्या पुऱ्या आल्या, तेवढ्यात भाचीचा मोबाइल वाजला. क्लासच्या सरांना तिने प्रश्न पाठवला होता. सरांचं उत्तर: उणे ९.८.

मी काही बोललो नाही. फक्त नानांकडे पाहिलं. नानांनी सावकाश घास गिळला.

"उणे म्हंजे शून्याच्या खाली ना?"

"हो, नाना."

"मंग मी दिलं ते जास्तच दिलं ना भो," नाना म्हणाले, आणि दाजींनी त्यांना आणखी भरीत वाढलं.